विमानाच्या इंजिनाचं तेल किती गरम असावं? छोट्या विमानातलं ऑइल टेंपरेचर, सोप्या भाषेत

मे महिन्यात बाईकच्या हँडलवर फोन लावून मॅप बघत गेलात, की अर्ध्या तासात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. स्क्रीन आपोआप मंद होते, चार्जिंग थांबतं, आणि शेवटी ‘फोन थंड होऊ द्या’ असा मेसेज येतो. फोनमध्ये ठिकठिकाणी तापमान मोजणारे सेन्सर असतात. मर्यादा जवळ आली की सॉफ्टवेअर प्रोसेसरचा वेग कमी करतं. तुम्हाला काहीच करावं लागत नाही.

आता सेसना १७२ सारखं चार सीटचं छोटं विमान डोळ्यांसमोर आणा. बारामती, गोंदिया, शिरपूर अशा ठिकाणी पायलटचं शिक्षण घेणारी मुलं याच आकाराच्या विमानांवर शिकतात. याच्या नाकात चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असतं. ते तापलं तर वेग आपोआप कमी करणारं सॉफ्टवेअर त्यात नाही. तापमान दाखवणारा एक आकडा असतो आणि तो बघणारा एक माणूस असतो. पुढचा निर्णय त्या माणसाचा.

मी पायलट नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझा मावसभाऊ राज्यातल्याच एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकतोय. त्याच्या उड्डाणांच्या डेटा फाईल्स मी हौसेने बघायला लागलो आणि या एका आकड्यात गुंतलो. त्या फाईल्समधून मला काय कळलं ते लेखाच्या शेवटी सांगतो. त्याआधी विषय मुळापासून समजून घेऊया.

इंजिनात तेलाचं काम काय?

तेल म्हणजे वंगण, हे शाळेत शिकलोच आहोत. पण विमानाच्या पिस्टन इंजिनात तेल एकाच वेळी चार-पाच कामं करत असतं:

- फिरणाऱ्या भागांमध्ये पातळ थर तयार करून धातू धातूला घासू न देणं.
- पिस्टनचा खालचा भाग, बेअरिंग अशा जागांची उष्णता वाहून नेणं.
- जळलेल्या इंधनाची काजळी आणि धातूचे बारीक कण फिल्टरपर्यंत पोचवणं.
- पिस्टन आणि सिलिंडरमधली फट बुजवणं.
- आतल्या भागांवर थर धरून गंज रोखणं.

यातलं दुसरं काम नीट लक्षात घ्या. तुमच्या कारमध्ये रेडिएटर असतो आणि त्यात पाणी-कूलंट खेळतं. सेसना १७२ च्या लायकोमिंग इंजिनात पाणीच नाही. सिलिंडर हवेने थंड होतात, आणि जिथे हवा पोचत नाही तिथली उष्णता तेलालाच बाहेर काढावी लागते. म्हणून तेलाचं तापमान हा इंजिनाच्या आतल्या परिस्थितीचा चांगला अंदाज देणारा आकडा ठरतो.

तेलाचा प्रवास

सेसना १७२ एस या मॉडेलमध्ये लायकोमिंगचं आयओ-३६०-एल२ए इंजिन असतं, १८० हॉर्सपॉवरचं. तेल खालच्या टाकीत साठतं. या टाकीला संप म्हणतात. संपमध्ये ८ क्वार्ट, म्हणजे साधारण साडेसात लिटर तेल मावतं. ५ क्वार्टच्या खाली तेल असेल तर उड्डाण करायचं नाही, असं विमानाचं मॅन्युअल सांगतं.

पंप संपमधून तेल खेचतो आणि पुढे ढकलतो. इथे एक झडप येते, तिला व्हर्नाथर्म म्हणतात. तिच्या आत मेणासारखा पदार्थ भरलेला असतो. तेल थंड असताना तो आकसलेला असतो, आडवाट उघडी राहते आणि तेल कूलरमध्ये न जाता थेट फिल्टरकडे जातं. तेल तापलं की तो पदार्थ फुगतो आणि आडवाट बंद करतो. साधारण ८५ अंश सेल्सियसच्या आसपास ती पूर्ण बंद होते. आता सगळ्या तेलाला कूलरमधूनच जावं लागतं. ना वायर, ना कोड. तरी ही झडप म्हणजे अगदी साधा ‘इफ-एल्स’ आहे.

ऑइल कूलर हा छोटा रेडिएटरच. बारीक पत्र्यांच्या जाळीतून वारा जातो आणि आतल्या नळ्यांमधलं तेल थंड होतं. हा वारा पंख्याच्या मागच्या दोन तोंडांतून काउलमध्ये शिरतो. काउल म्हणजे इंजिनावरचं झाकण. आत शिरलेली हवा वाटेल तिकडून पळून जाऊ नये म्हणून पत्रे आणि रबरी पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांना बॅफल म्हणतात. रबराची एखादी पट्टी दुमडली तरी हवा चुकीच्या फटीतून निसटते आणि तापमान चढतं.

कूलरमधून बाहेर पडलेलं तेल फिल्टरमधून जाऊन बेअरिंगकडे निघतं. तापमानाचा सेन्सर याच टप्प्यावर असतो, म्हणजे कूलरच्या नंतर. म्हणजे पायलटला दिसणारा आकडा हा इंजिनात शिरणाऱ्या, थंड होऊन आलेल्या तेलाचा आहे. आत काम करून परतणारं तेल त्याहून गरम असतं.

आकडे काय सांगतात?

सेसना १७२ एस साठी महत्त्वाचे आकडे असे:

- ऑइल टेंपरेचरचा हिरवा पट्टा: १०० ते २४५ अंश फॅरेनहाइट, म्हणजे साधारण ३८ ते ११८ अंश सेल्सियस.
- लाल रेघ: २४५ अंश फॅरेनहाइट, म्हणजे ११८ अंश सेल्सियस.
- ऑइल प्रेशरचा हिरवा पट्टा: ५० ते ९० पीएसआय.
- ऑइल प्रेशरच्या लाल रेघा: खाली २० आणि वर ११५ पीएसआय.

हिरवा पट्टा किती रुंद आहे बघा. ३८ पासून ११८ पर्यंत, तब्बल ८० अंश. यात कुठेही काटा असला तरी ‘चालतंय’. पण चालतंय आणि छान चाललंय यात फरक आहे. क्रूझमध्ये, म्हणजे एका उंचीवर सरळ उडताना, साधारण ८० ते ९५ अंश सेल्सियस ही तेलासाठी सुखाची जागा. त्याच्या खाली आणि वर दोन्हीकडे नुकसान आहे, फक्त वेगवेगळ्या प्रकारचं.

जास्त गरम झालं तर?

थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठते आणि उन्हात ठेवली की तेल पाण्यासारखं वाहतं. इंजिन ऑइल तसं गोठत नाही, पण नियम तोच: तापमान वाढलं की तेल पातळ होतं. फार पातळ झालं तर बेअरिंगमधला थर तुटतो आणि धातू धातूला भिडतो. पातळ तेल फटींमधून सहज निसटतं, म्हणून प्रेशरही खाली येतं.

दुसरं नुकसान हळू होतं. भज्यांची कढई दिवसभर गॅसवर ठेवली की तेल काळं आणि चिकट होतं. तसंच सतत जास्त तापणारं इंजिन ऑइल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून लवकर खराब होतं आणि आत काळा थर धरतं.

विमानात तेल तापण्याची नेहमीची कारणं अशी:

- नाक जास्त वर करून, कमी वेगात लांबपर्यंत चढणं. ताकद पूर्ण लागलेली असते आणि काउलमध्ये शिरणारा वारा मात्र कमी.
- जमिनीवर उन्हात, वाऱ्याकडे पाठ करून इंजिन चालू ठेवणं.
- तेल कमी असणं. तेवढीच उष्णता कमी तेलाला वाहावी लागते.
- कूलरच्या जाळीत धूळ, गवत, किडे अडकणं.
- काउलच्या तोंडात पक्ष्याने घरटं करणं. हे हसण्यावारी नेऊ नका. उड्डाणाआधी ही तोंडं मोकळी आहेत का बघा, असं चेकलिस्टमध्ये लिहिलेलं असतं.
- व्हर्नाथर्मची बैठक झिजणं. मग आडवाट पूर्ण बंद होत नाही आणि काही तेल कूलरला चुकवून जातं.
- पिस्टन रिंग झिजून जळलेला गरम वायू खाली तेलात उतरणं.

कमी गरम राहिलं तर?

‘इंजिन जितकं थंड तितकं बरं’ असं मलाही वाटायचं. ते चूक आहे, आणि कारण केमिस्ट्रीत आहे.

पेट्रोल जळलं की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. किती पाणी? एक लिटर पेट्रोल जाळल्यावर साधारण एक लिटर. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. पण थोडी वाफ पिस्टनच्या कडेने खाली उतरते आणि तेलात मिसळते. तेल पुरेसं गरम असेल तर ती वाफ ब्रीदर नळीतून निघून जाते. तेल कोमटच राहिलं तर पाणी आतच साचतं, जळलेल्या इंधनाच्या अवशेषांशी मिळून आम्लं तयार होतात आणि पोलाद गंजायला लागतं.

लायकोमिंगच्या या इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल हळूहळू खाली निथळतं आणि तो कोरडा पडतो. त्यामुळे गंज चढायला सोयीची जागा तीच. गंजलेला कॅमशाफ्ट पुढे घासून झिजतो आणि दुरुस्तीसाठी अख्खं इंजिन उघडावं लागतं.

म्हणूनच कंपनी सांगते की विमान ३० दिवसांत किमान एकदा तरी उडवा, आणि ते उड्डाण सलग एक तासाचं हवं, तेल १६५ ते २०० अंश फॅरेनहाइट, म्हणजे ७४ ते ९३ अंश सेल्सियसपर्यंत तापलेलं. जमिनीवर दहा मिनिटं इंजिन चालू करून बंद केलं तर उलटंच होतं. नवीन पाणी तयार होतं, पण ते उडून जाण्याइतकं तेल तापतच नाही.

कॅनडासारख्या ठिकाणी शिकायला गेलेल्यांना थंडीची आणखी एक बाजू दिसते. बर्फात तेल इतकं घट्ट होतं की स्टार्ट केल्यावर ते वरपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तोवर भाग कोरडे फिरतात. त्यामुळे साधारण उणे १२ अंश सेल्सियसच्या खाली लायकोमिंगचं इंजिन स्टार्ट करण्याआधी बाहेरून गरम करावं लागतं. उडताना तेल फार थंड पडू नये म्हणून काउलची तोंडं थोडी झाकणारे पत्रेही मिळतात. उन्हाळा आला की ते काढून ठेवायचे असतात.

तेल कुठलं घालायचं?

कारचं तेल विमानात चालत नाही. कारच्या तेलातली काही रसायनं जळल्यावर धातूची राख ठेवतात. विमानाच्या इंजिनात ही राख सिलिंडरमध्ये साचून लाल तापते आणि ठिणगी पडायच्या आधीच इंधन पेटवू शकते. म्हणून विमानाचं तेल राख न ठेवणारं असतं.

डब्यावर १०० लिहिलेलं विमानाचं तेल म्हणजे कारच्या भाषेत एसएई ५० ग्रेड, आणि ८० म्हणजे एसएई ४०. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात भाग जास्त तापतात आणि फुगतात, म्हणून फटी मोठ्या ठेवलेल्या असतात. त्या भरायला तेलही जाड लागतं. आपल्याकडच्या हवेत १०० ग्रेड चालतं. १५डब्ल्यू-५० सारखं मल्टिग्रेड तेल थंडी आणि ऊन दोन्हीत चालतं. फिल्टर असलेल्या इंजिनात तेल ५० तासांनी किंवा ४ महिन्यांनी, यातलं जे आधी येईल तेव्हा बदलायचं.

सगळी इंजिनं सारखी नसतात

एनसीसीच्या एअर विंगमध्ये असाल तर पिपिस्ट्रेल व्हायरस हे दोन सीटचं विमान तुम्ही पाहिलं असेल. त्यात रोटॅक्स ९१२ जातीचं इंजिन असतं. त्याच्या सिलिंडरचा वरचा भाग कूलंटने थंड होतो आणि तेलाची टाकी इंजिनापासून वेगळी असते. या जातीतल्या १०० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला १३० अंश सेल्सियसपर्यंत तेल चालतं, आणि टेकऑफच्या आधी ते किमान ५० अंशांवर असावं लागतं. रोटॅक्सचं मॅन्युअल आणखी एक गोष्ट सांगते: उड्डाणाच्या दिवशी एकदा तरी तेल १०० अंशांपर्यंत जाऊ द्या, म्हणजे त्यातलं पाणी निघून जाईल. लायकोमिंगच्या सवयीने हे इंजिन चालवलं तर चुकेल. ज्या विमानात बसलात त्याचंच मॅन्युअल खरं.

आपल्या उन्हाळ्याचं गणित

हा भाग मला सगळ्यात रंजक वाटला. विमान बाजारात येण्याआधी त्याची कूलिंग टेस्ट होते. अमेरिकेच्या छोट्या विमानांच्या प्रमाणपत्राचे जे जुने नियम होते, भाग २३ म्हणून ओळखले जाणारे, त्यात लिहिलं होतं की समुद्रसपाटीला किमान १०० अंश फॅरेनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सियस हवा आहे असं धरून इंजिन मर्यादेत राहिलं पाहिजे.

पण टेस्टच्या दिवशी हवा २० अंशांवर असेल तर? नियम म्हणतो, जितका फरक तितके अंश मिळवा. म्हणजे बाहेरची हवा एक अंशाने गरम, तर तेलही एक अंशाने गरम, असा ढोबळ हिशेब.

आता विदर्भातला मे महिना आठवा. दुपारी ४४-४५ अंश म्हणजे बातमीसुद्धा नाही. ज्या ३८ अंशांना नियमाने ‘कडक ऊन’ धरलं, त्याच्या कितीतरी वर आपण असतो. म्हणून उन्हाळ्यात ट्रेनिंगची उड्डाणं पहाटे आणि सकाळी असतात. गरम हवेत पंखांना आणि इंजिनाला ताकद कमी मिळते हे एक कारण, आणि तेलाच्या तापमानाला उरलेली जागा कमी होते हे दुसरं.

तापमान चढू लागलं तर पायलट काय करतो?

तापमान चढतंय आणि प्रेशर ठीक आहे, असं असेल तर क्रम साधारण असा:

१. नाक खाली घ्यायचं. चढाई कमी होते, वेग वाढतो, काउलमध्ये जास्त वारा शिरतो. बहुतेक वेळा एवढंच पुरतं.
२. मिक्श्चर रिच करायचं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन थोडं जास्त द्यायचं. त्याने सिलिंडर थंड होतात.
३. थ्रॉटल थोडं मागे घ्यायचं. कमी ताकद म्हणजे कमी उष्णता.
४. विमानात काउल फ्लॅप असतील तर उघडायचे. सेसना १८२ मध्ये ते असतात, १७२ एस मध्ये नसतात.
५. तरीही आकडा खाली येत नसेल तर जवळच्या धावपट्टीवर उतरायचं.

आणि यातल्या प्रत्येक पायरीवर दुसरा डोळा ऑइल प्रेशरवर. हे दोन आकडे जोडीने वाचायचे असतात:

- तापमान जास्त, प्रेशर नॉर्मल: थंड करण्यात अडचण आहे. वरचा क्रम वापरायचा.
- प्रेशर कमी, तापमान नॉर्मल: गेज किंवा प्रेशरची झडप बिघडली असण्याची शक्यता. तरीही जवळच्या विमानतळावर उतरून तपासायचं.
- प्रेशर गेलेलं आणि तापमान चढतंय: तेल संपत आलंय किंवा पंप गेलाय. इंजिन आता बंद पडेल असंच समजायचं. ताकद लगेच कमी करायची आणि उतरायला मोकळी जागा शोधायची.

स्टार्ट करतानाही नियम आहे. उबदार हवेत ३० सेकंदांत प्रेशर दिसलं नाही तर इंजिन बंद करायचं आणि कारण शोधायचं.

माझ्या मावसभावाच्या फाईल्स

आता कबूल केल्याप्रमाणे फाईल्सची गोष्ट. त्याच्या विमानात गार्मिनची जी१००० सिस्टिम आहे. ती दर सेकंदाला एक ओळ या हिशेबाने सगळे आकडे एसडी कार्डवर सीएसव्ही फाईलमध्ये लिहिते. उंची, वेग, बाहेरचं तापमान, ऑइल टेंपरेचर, ऑइल प्रेशर, सगळं. एक तासाचं उड्डाण म्हणजे ३,६०० ओळी. इन्स्ट्रक्टरच्या परवानगीने तो त्या घरी आणायचा आणि आम्ही दोघं ग्राफ काढून बघायचो.

मी पहिला कोड लिहिला तो आपल्या सवयीचा: तापमान २४५ च्या वर गेलं तर लाल रंग दाखव. तीन आठवड्यांच्या सगळ्या फाईल्स चालवल्या. एकही लाल ओळ नाही. मी म्हटलं, “झालं, विमान ठणठणीत आहे.”

मावसभाऊ म्हणाला, “दादा, पण आमचे सर मला लाल रेघ बघायला सांगतच नाहीत. ते विचारतात, काल याच उंचीवर किती होतं?”

मग मी प्रत्येक उड्डाणातला एकच तुकडा घेतला: सारखी उंची, सारखा चढाईचा वेग, पूर्ण ताकद. आणि तेलाच्या तापमानातून बाहेरच्या हवेचं तापमान वजा केलं. पहिल्या प्रयत्नात उत्तरं विचित्र आली. नंतर लक्षात आलं की फाईलमध्ये तेलाचं तापमान फॅरेनहाइटमध्ये आहे आणि हवेचं सेल्सियसमध्ये. ही चूक मी केली, तुम्ही करू नका.

दुरुस्त केल्यावर चित्र दिसलं. पहिल्या आठवड्यात हवा ३० अंश, तेल २०५ फॅरेनहाइट, म्हणजे ९६ अंश सेल्सियस. फरक ६६. तिसऱ्या आठवड्यात हवा ३४, तेल २३० फॅरेनहाइट, म्हणजे ११० अंश सेल्सियस. फरक ७६.

तेल १४ अंशांनी वाढलं होतं. त्यातले ४ उन्हाळ्याचे. उरलेले १० कुणाचे?

ही वजाबाकी नेहमी चालत नाही, हेही सांगतो. तेल ८५ अंशांच्या खाली असताना व्हर्नाथर्म स्वतःच तापमान सांभाळत असतो, तेव्हा हवेचा फरक तेलात नीट दिसत नाही. पण त्याच्या वर आडवाट बंद असते, सगळं तेल कूलरमधून जात असतं आणि कूलरची खरी ताकद उघडी पडते. आमचे दोन्ही आकडे त्या भागातले होते.

मी रात्री अकरा वाजता त्याला फोन केला. माझ्या मनात एकच होतं: सकाळी सहाला हा त्याच विमानात एकटा बसणार आहे, पहिल्या सोलो उड्डाणांपैकी एक. आकडा हिरव्या पट्ट्यात होता. नियमाने बघितलं तर उडायला हरकत नव्हती. मी पायलट नाही, मी सांगणार तरी काय? फक्त म्हटलं, “ग्राफ सरांना दाखव. ते हसले तर हसू देत.”

सर हसले नाहीत. त्यांनी तो ग्राफ मेंटेनन्स इंजिनिअरला दाखवला. त्याने काउल काढला. कूलर काउलच्या आत असल्यामुळे उड्डाणाआधीच्या रोजच्या तपासणीत तो नीट दिसत नाही. त्याच्या जाळीचा बराचसा भाग बारीक धूळ आणि वाळक्या गवताने भरला होता. उन्हाळ्यात धावपट्टीच्या कडेचं गवत कापतात, ते उडून आत गेलं असावं. जाळी साफ झाली, विमान परत लावलं, आणि पुढच्या फाईलमध्ये फरक पुन्हा ६७ वर आला.

मोठा अपघात टळला असं मी म्हणणार नाही. आकडा लाल रेघेपासून ८ अंश दूर होता आणि सर चढाईत नाक खाली घ्यायला शिकवतातच. पण ४५ अंशांच्या दुपारी, लांब चढाईत ते ८ अंश किती वेळ टिकले असते, याचा हिशेब आता तुम्हीही करू शकता.

नेहमी पडणारे प्रश्न

गेज खोटं बोलू शकतं का?
हो. सेन्सर किंवा वायर बिघडते. ओळखायची खूण: सात लिटर तेल एका सेकंदात ३० अंशांनी तापू शकत नाही. आकड्याने अचानक उडी मारली आणि प्रेशर, सिलिंडरचं तापमान जागच्या जागी असेल, तर संशय सेन्सरवर. खरी वाढ हळूहळू होते. तरीही उतरून तपासायचंच.

तेल जास्त भरलं तर इंजिन जास्त थंड राहतं का?
नाही. मर्यादेपेक्षा जास्त भरलेलं तेल ब्रीदर नळीतून बाहेर फेकलं जातं आणि विमानाच्या पोटावर काळा पट्टा उमटतो.

टेकऑफच्या आधी तेल किती तापलेलं हवं?
लायकोमिंगमध्ये किमान हिरव्या पट्ट्यात काटा यावा आणि थ्रॉटल पुढे केल्यावर इंजिन अडखळू नये. आपल्याकडे मे महिन्यात हे टॅक्सी करतानाच होतं.

हे मला कशाला माहीत हवं? मी तर विमान चालवत नाही.
तुमच्या बाईकलाही इंजिन ऑइल आहे, फोनला बॅटरी आहे, घरातल्या फ्रिजला कॉम्प्रेसर आहे. त्यांच्याकडे बघायची पद्धत तीच.

थोडक्यात

- तेल फार गरमही नको आणि फार थंडही नको. क्रूझमध्ये ८० ते ९५ अंश सेल्सियस ही चांगली जागा.
- तापमान आणि प्रेशर नेहमी जोडीने वाचा.
- बाहेरची हवा वजा केल्याशिवाय दोन दिवसांची तुलना करू नका, आणि दोन्ही आकडे एकाच एककात आणा.
- लाल रेघ ही शेवटची सूचना आहे. पहिली सूचना म्हणजे ‘काल इतकं नव्हतं’.

मी कोडमधली ती जुनी ओळ अजून काढलेली नाही. २४५ च्या वर लाल रंग दाखव, ही अट लागतेच. फक्त तिच्या आधी आता दुसरी अट आहे: गेल्या दहा उड्डाणांच्या सरासरीपेक्षा फरक ५ अंशांनी वाढला तर पिवळा रंग दाखव. मावसभाऊ आता रोज उतरल्यावर फाईल उघडतो आणि मला एकच शब्द पाठवतो: “पांढरा.” म्हणजे रंग नाही, सगळं कालच्यासारखंच.